मोसिए प्रिजां यांचे आखाड्यातील व्याख्यान

मागच्या वर्षी मोसिए आर्मेल प्रिजां यांनी गावच्या सभागृहात ‘पाव या शब्दाचा प्रवास’ या विषयावर व्याख्यान दिलं, तेव्हा तीन माणसं आली होती. एक त्यांची बायको मारीव्हॉन. दुसरे एक आजोबा, जे बाहेर वारा फार सुटला होता म्हणून आत आले होते. आणि तिसरी एक बाई, जिला योगासनांचा वर्ग इथंच भरतो असं वाटलं होतं. ती मात्र शेवटपर्यंत बसली, मांडी घालून, डोळे मिटून. घरी जाताना मोसिए प्रिजां बायकोला म्हणाले की, एक तरी श्रोता विषयाशी अगदी एकरूप झाला होता. मारीव्हॉनने त्यांच्या मफलरची गाठ नीट केली. सुखी संसारात काही गोष्टी न बोलण्यासाठीच असतात.

उभी हयात शहरातल्या शाळेत लॅटिन शिकवून मोसिए प्रिजां निवृत्त झाले आणि आपल्या जन्मगावी, फ्रान्सच्या ब्रतान्य प्रांतातल्या प्लुगारेकला, परत आले. लॅटिन शिकवणाऱ्या माणसाला स्वखुशीने ऐकणारे फार थोडे असतात. इतकी वर्षं समोर बसलेली पोरं घंटेची वाट बघत बसायची, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. निवृत्तीनंतर तरी घंटा नसलेल्या खोलीत, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या माणसांसमोर बोलावं, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा लहान होती, पण हट्टी होती.

गावच्या संस्कृती समितीच्या अध्यक्ष मादाम रिऊ यांनी या इच्छेला यंदा शेवटची मुदत दिली. मादाम रिऊ कधी वाईट बोलत नसत. वाईट बातमी त्या कौतुकाच्या सुरात देत. “तुमची व्याख्यानं म्हणजे गावाचा ठेवाच, मोसिए प्रिजां,” त्या म्हणाल्या. “पण ठेवा कुणी बघायलाच आलं नाही, तर ती वेळ आम्ही अकॉर्डियनच्या वर्गाला द्यावी असं ठरतंय.” म्हणजे या खेपेला माणसं जमली नाहीत, तर मोसिए प्रिजां कायमचे गप्प.

मोसिए प्रिजां यांनी विषय निवडला ‘ल्युत’. फ्रेंचमध्ये ल्युत म्हणजे कुस्ती, आणि ल्युत म्हणजेच लढा. संपकऱ्यांचा लढा, आजाराशी झुंज, वर्गकलह, पोटासाठी चाललेली धडपड, सगळ्याला हाच एक शब्द. इतका राबणारा शब्द गावात दुसरा नाही, तेव्हा लोक येतीलच, असा त्यांचा हिशेब. घाईघाईने त्यांनी सभागृहाची तारीख पक्की केली, आणि मग कळलं की त्याच दुपारी चर्चमागच्या कुरणात वर्षाच्या कुस्त्या आहेत. त्या दिवशी प्लुगारेकमध्ये एखाद्याच्या घराला आग लागली तरी ती विझवायला माणूस मिळत नाही. विझवणारेच कुस्त्यांना बसलेले असतात.

तोडगा काढला शेजारच्या फाँशने. फाँश गावचा खाटीक. तरुणपणी तालुक्यात नाव काढलेला मल्ल, आणि त्या नावाची पावती म्हणून दोन्ही कान चेचलेल्या कोबीसारखे झालेले. आता तो कुस्त्यांचा पंच होता. कुंपणापलीकडून तो म्हणाला, “अरे, माणसं तुझ्याकडे येत नाहीत ना? मग तूच माणसांकडे जा. फायनलच्या आधी पोरं दम खातात तेव्हा माइक मोकळाच असतो. बोल काय बोलायचं ते. लोकांनी जागा धरलेली असते, उठून जाणार कुठं?”

जागा सोडता न येणारे श्रोते, ही कल्पना मोसिए प्रिजां यांना फार आवडली. शाळेत तेच तर होते. मग फाँशने सहज विचारलं, की तू कधी आपली कुस्ती पाहिली आहेस का. मोसिए प्रिजां यांनी लहानपणी पाहिली नव्हती. त्यांच्या आईच्या मते तो आडदांडांचा उद्योग होता. नंतर शहरात गेले आणि शब्दकोशातच रमले.

“फाँश, मी शब्दाचा अभ्यास करतो,” ते जरा ताठ होऊन म्हणाले. “ज्याला ‘समुद्र’ या शब्दावर बोलायचंय, त्यानं काय आधी बुडून घ्यायचं?”

“पाय तरी ओले करावेत,” फाँश म्हणाला आणि कालवडीची मांडी तोडायला आत गेला.

बातमी गावभर झाली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. पाववाल्या बाईंचं म्हणणं पडलं की बागेतल्या गोगलगायींशी चाललेल्या लढ्याचा उल्लेख व्हायलाच हवा, खरी झुंज तीच. सार्डिन माशांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार पुढारी जोबिक तर घरीच येऊन थडकला. त्याने मोसिए प्रिजां यांना कडकडून मिठी मारली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “शेवटी तूसुद्धा लढ्यात उतरलास.” हा शब्दाच्या व्युत्पत्तीचा कार्यक्रम आहे हे त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, की व्युत्पत्ती जरूर सांग, पण पोस्ट ऑफिस बंद पडतंय ते आधी सांग. लॅटिन शेवटी घे. वेळ उरला तर. मी झेंडा आणि कर्णा घेऊन येतो. मोसिए प्रिजां नको म्हणाले. जोबिकच्या आयुष्यात नको म्हणणारे मालक पुष्कळ होऊन गेले होते, त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही.

मग नगरपालिकेच्या खिडकीवर जायची वेळ आली. अर्जात विषयापुढे त्यांनी शुद्ध अक्षरात ‘ल्युत’ असं लिहिलं होतं. खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं, “मोर्चा कुठून निघणार?”

“मोर्चा नाही.”

“मग धरणं?”

“व्याख्यान आहे, मादाम. मी फक्त एका शब्दावर बोलणार आहे.”

“सगळे एकाच शब्दावर बोलतात, मोसिए. मागच्या खेपेला दुधाच्या भावावर बोलायला आले होते. नंतर दारात शेण ओतून गेले.”

शेण ओतणार नाही असं तोंडी आश्वासन घेऊन बाईंनी अर्ज क्रीडा विभागाकडे सरकवला. क्रीडा विभाग म्हणजे त्याच बाई, फक्त शेजारच्या खिडकीत. तिथे असं निघालं की, आखाड्याच्या दोरीच्या आत जो पाऊल टाकेल त्याचा विमा हवा, आणि विम्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा. मोसिए प्रिजां यांनी शांतपणे निदर्शनास आणलं की, त्यांना आत फक्त तोंड चालवायचं आहे. बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “पण ते तोंड उरलेल्या शरीराबरोबरच आत जाणार ना?” या युक्तिवादात लॅटिन वळणाचा नेमकेपणा होता. मोसिए प्रिजां डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, जीभ पाहिली आणि सांगितलं की त्यांच्याकडे दाखल्याचा मजकूर एकच आहे. त्या मजकुरानुसार मोसिए आर्मेल प्रिजां हे कुस्ती खेळण्यास शरीराने सर्वथैव पात्र ठरले. घरी मारीव्हॉनने तो कागद दोनदा वाचला. याच डॉक्टरांनी पाठीच्या दुखण्यापायी नवऱ्याला कचऱ्याचा डबा उचलायला बंदी केली होती, आणि तो डबा ती तेव्हापासून एकटी उचलत होती. ती म्हणाली, “बरं झालं. उद्यापासून डबा तू ने.”

कुस्त्यांच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. कुरणात गोल दोरी बांधून आत लाकडाचा भुसा पसरला होता. कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांचा वास सुटला होता, सफरचंदाच्या दारूचे मग फिरत होते आणि दोन बोंबार्दवाले आपल्या सनया गाल फुगवून वाजवत होते. आखाड्याच्या कडेला, माइकच्या शेजारीच, एका खुंटीला बक्षिसाचा मेंढा बांधला होता. तरुण, तकतकीत आणि स्वतःवर बेहद्द खूश. सगळं गाव जमलं होतं. एवढी माणसं एका जागी बसलेली पाहून मोसिए प्रिजां यांनी टायची गाठ सोडून पुन्हा बांधली. आनंदाने की भीतीने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

फाँशने माइक दिला आणि मोसिए प्रिजां सुरू झाले. शब्द निघाला तो लॅटिनमधल्या ‘लुक्ता’पासून, ते म्हणाले. लुक्ता म्हणजे हत्यार नाही, घोडा नाही, चिलखत नाही. एक माणूस आणि त्याला भिडलेला दुसरा माणूस, बस. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं झालं ‘लुइत’. मग कधीतरी तो शब्द आखाड्याची दोरी ओलांडून बाहेर पडला, आणि लोक समुद्राशी, भुकेशी, मालकाशी, मरणाशी जे काही करत होते त्या सगळ्याला जाऊन चिकटला. हे बोलणं खरोखर सुंदर होतं. पण बाकांवर माणसं धिरड्यांच्या रांगेत कोण उभं राहील यावर वाद घालत होती, आणि जोबिक व त्याचे कारखान्यातले जुने सोबती दर वाक्याला, चुकीच्या जागी, टाळ्या देत होते.

हात पाठीमागे बांधून बोलायची मोसिए प्रिजां यांना शाळेपासूनची सवय. माइक उभ्या काठीवर होता, तेव्हा दोन्ही हात पाठीमागे आणि हातांत व्याख्यानाचे कागद. ‘लुक्ता’ चालू असताना मेंढ्याने पहिलं पान काढून घेतलं. लोक हसले. मोसिए प्रिजां यांना वाटलं, लॅटिन क्रियापदावरचा त्यांचा बारीक विनोद पोचला. हुरूप येऊन त्यांनी तो पुन्हा सांगितला आणि मेंढ्याने पुढची दोन पानं घेतली. आता तर माणसं लोळायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा ते लोकांना हसवत होते, आणि हे सुख आणखी थोडा वेळ टिकलं असतं; पण मेंढ्याची घाई झाली. त्याने शेवटचं पान हिसकावलं ते बोटाला चावा घेऊनच.

शेवटच्या पानावर समारोप होता. समारोप लिहायला त्यांना अख्खा हिवाळा लागला होता. मोसिए प्रिजां यांनी वळून मेंढ्याच्या गळ्यातली दोरी पकडली आणि ओढली. खुंटी नुसती शोभेपुरती ठोकलेली होती, ती उपटली. मेंढा तोंडात समारोप धरून आखाड्याच्या कडेकडेने निघाला, आणि दोरी धरून मागोमाग मोसिए प्रिजां.

आता प्लुगारेकमधल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं, आणि शब्दकोशात जे कुठेही दिलेलं नाही, ते असं: बक्षिसाचा मेंढा घेऊन जो आखाड्याला फेरी घालतो, तो सगळ्या गावाला आव्हान देत असतो. मेंढा माझा, असेल कुणी मर्द तर त्याने पुढे येऊन माझ्या खांद्यावर थाप मारावी, असा त्याचा अर्थ. तीन फेऱ्यांत कुणीच पुढे आलं नाही, तर मेंढा त्याचा आणि मानही त्याचा.

पहिल्या फेरीला लोक हसत होते. दुसऱ्या फेरीला हसणं थांबलं. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. लॅटिन मास्तर या वयात मेंढ्यावर हक्क सांगतो, म्हणजे काहीतरी घराण्याचंच रक्त असणार. फाँश लांबून हातवारे करून दोरी सोड म्हणून सांगत होता. मोसिए प्रिजां यांना वाटलं, तो उत्तेजन देतोय. तिसरी फेरी अर्धी झाली आणि त्यांच्या खांद्यावर एक थाप पडली. ती फावड्याइतक्या रुंद पंजाची होती. पाठोपाठ कुणीतरी ब्रतों या तिथल्या जुन्या भाषेत म्हणालं, “उभे राहा.”

मोसिए प्रिजां यांच्या आईने ब्रतों भाषा फक्त कोंबड्यांसाठी राखून ठेवली होती. मुलाशी ती फ्रेंचच बोलायची. तरी एवढं त्यांना समजलं. समोर मालो उभा होता. शहरातल्या शाळेत तो त्यांचाच विद्यार्थी होता, आता डुकरं पाळतो, आणि गेली काही वर्षं तालुक्यात त्याला कुणी खाली पाडलेलं नाही. लॅटिनमध्ये मात्र त्याची पाठ कधी जमिनीवरून उठलीच नाही. उत्तर आलं नाही की मोसिए प्रिजां त्याला खिडकीपाशी उभं करायचे, त्यामुळे ते सबंध वर्ष त्याने उभ्यानेच काढलं होतं.

त्यांना वाटलं, जुना विद्यार्थी आपल्याला थांबवून पुढे बोलायला सांगतोय. “उभा आहेच की, मालो,” ते मोठ्याने म्हणाले. “धडा अर्धा टाकून मी कुठे जाणार?”

बाकांवरून उठला तसा गलका कुरणात बऱ्याच वर्षांत उठला नव्हता. आव्हान दिलं होतं, घेतलं गेलं होतं, आणि वर असं दणदणीत उत्तरही झालं होतं. बोंबार्दवाल्यांनी कुणी न सांगता मल्लांची धून धरली. फाँश जाडाभरडा पांढरा सदरा घेऊन धावत आला आणि खालच्या आवाजात सगळा प्रकार त्याने समजावून सांगितला. मोसिए प्रिजां यांनी हातातल्या दोरीकडे पाहिलं.

“मी माघार घेतली तर?”

“मेंढ्याची दोरी त्याच्या हातात दे, चारचौघांसमोर ‘हरलो’ म्हण, आणि आखाड्याच्या दोरीखालून वाकून बाहेर जा. त्यात काही कमीपणा नाही,” फाँश म्हणाला. त्याच्या आवाजावरून किती कमीपणा होता ते लगेच कळत होतं.

मोसिए प्रिजां यांनी सभोवार पाहिलं. कुणीतरी अडवावं अशी त्यांची अपेक्षा होती. मादाम रिऊ यांनी दुरूनच डॉक्टरांचा दाखला फडकवला आणि विम्याचं सगळं चोख असल्याची खूण केली. जोबिकने कर्ण्यातून शेवटच्या श्वासापर्यंत झुंज द्यायची घोषणा केली. श्वास अर्थात मोसिए प्रिजां यांचा. मग मारीव्हॉन दोरीपाशी आली. ते आशेने तिच्याकडे गेले.

“चष्मा दे,” ती म्हणाली.

“एवढंच?”

“आणि दातांची कवळी.”

खरं तर ते तेव्हाही बाहेर पडू शकले असते. पण त्यांचं बोलणं चालू असताना धिरडी मोजणारी माणसं आता श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती, आणि वाकून दोरीखालून गेलं की संपलं. मग ती वेळ अकॉर्डियनची. त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि सदरा चढवला. रिवाजाप्रमाणे शपथ झाली, दगाफटका करणार नाही आणि निखळ लढेन अशी. हातात हात दिले, गालाला गाल लावले.

गालाला गाल लागला तेव्हा मालो कुजबुजला, “सर, अंग सैल सोडा. मी सांभाळून ठेवतो खाली.”

“मला फुकटचे गुण नकोत, मालो,” बिनकवळीच्या तोंडाने मोसिए प्रिजां म्हणाले.

“मला तरी तुम्ही कधी दिलेत, सर?”

कुस्तीचं वर्णन करायला फारसं काही नाही. मोसिए प्रिजां यांनी समोरच्याचा सदरा दोन्ही मुठींत धरला. धरल्यावर त्यांना जाणवलं की हे धरणं सोडता येत नाही. आपण ज्याला धरलंय तोच आपल्याला उभं ठेवतोय. समारोपात हे नव्हतं. ते कुठेतरी टिपून ठेवावं असं त्यांच्या मनात येतं ना येतं, तोच पाय भुशावरून सुटले, आभाळ एकदा गरकन फिरलं आणि दोन्ही खांदे एकाच वेळी, अगदी नियमाला धरून, जमिनीला लागले. फाँशने हात वर केला. नंतर तो सांगत असे की इतकं निर्मळ चीत होणं त्याने वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय पडणाऱ्यालाही जातं.

मालोने त्यांना हात देऊन उठवलं, भुसा झटकला आणि मिठी मारली. मग फाँशला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने माइकची काठी उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवली. बोंबार्द थांबले. जोबिकने कर्णा मांडीवर ठेवला. सगळं कुरण गप्प झालं. एवढी मोठी, एवढी चांगली, आपल्यासाठी थांबलेली शांतता मोसिए प्रिजां यांनी जन्मात ऐकली नव्हती. सारं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

त्यांनी तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. छातीत हवा नव्हती, डोक्यात शब्द नव्हता, कागद मेंढ्याच्या पोटात होते. कुठून सुरुवात केली होती तेसुद्धा आठवेना. ते नुसते उभे राहिले, सदऱ्याची कड चाळवत. खिडकीपाशी उभं राहिलेलं पोर कसं राहतं, अगदी तसं. त्यांना रडू येईल असं वाटायला लागलं.

“लुक्ता, सर.” मालो शेजारून, ओठ न हलवता, म्हणाला. वर्गात पोरं एकमेकांना सांगतात तसं. “लॅटिन. लुक्ता. मगाशी सांगितलंत ना. हत्यार नाही, घोडा नाही.”

मोसिए प्रिजां यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माइकमध्ये, बिनकवळीच्या तोंडाला जेवढं स्पष्ट म्हणता येईल तेवढं, ते म्हणाले, “लुक्ता.”

टाळ्या इतक्या झाल्या की मेंढा बिथरला. मालोने त्याला रिवाजाप्रमाणे खांद्यांवर टाकलं आणि मानाची फेरी सुरू केली. मेंढा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला तेव्हा त्याच्या तोंडातून समारोपाचा एक कोपरा अजून बाहेर दिसत होता. मोसिए प्रिजां यांनी हात पुढे केला नाही.

संध्याकाळी ते घरी पालथे पडले होते आणि मारीव्हॉन पाठीला मलम चोळत होती. मादाम रिऊ येऊन गेल्या होत्या. समिती भलतीच खूश होती. पुढच्या वर्षीची वेळ पक्की, विषय कोणताही घ्या, फक्त कार्यक्रम असाच व्हावा. अकॉर्डियनवाल्यांना दुसरी जागा बघायला सांगितली होती.

उशीत तोंड खुपसून मोसिए प्रिजां यांनी विचारलं, “किती लोक होते गं?”

“सगळं गाव होतं.”

“ऐकलं किती जणांनी?”

मारीव्हॉनने चोळता हात थांबवला. मग खरं काय ते सांगावं असं तिला वाटलं.

“एकानं.”

मोसिए प्रिजां यांनी उशीतून तोंड बाहेर काढलं.

“मागच्या वर्षीपेक्षा एक जास्त,” ते म्हणाले.